पाच एचपी, वीस टन आणि चार सेकंद, हे तिन्ही एकदम कसं जमणार?

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

मागच्या महिन्यात तुमच्या पेपरात आतल्या पानावर एका पोराचा फोटो आला होता, घरीच बनवलेलं लाकूड फोडायचं मशीन, शेजारी तो स्वतः उभा आणि मागं गावातली माणसं. खाली लिहिलं होतं की पाच एचपीच्या इंजिनावर वीस टनाची ताकद आणि चार सेकंदात ओंडक्याचे दोन तुकडे. पोराचं कौतुक मला मनापासून वाटलं, वेल्डिंग चांगलं दिसत होतं, पाचर बरोबर मधोमध बसवलेली होती. पण तो आकडा वाचून माझ्याकडं आठवड्यात चार जण येऊन गेले, आम्हाला पण असंच बनवून द्या म्हणून, आणि प्रत्येकाला तेच पाहिजे, पाच एचपी, वीस टन, चार सेकंद. म्हणून हे पत्र लिहायला बसलो. जरा लांबेल, पण छापा, कारण ह्या एका गैरसमजात मी स्वतः दोन वर्षं आणि बरेच पैसे घातलेत.

माझी सांगली जिल्ह्यात लाकडाची वखार आहे, वडिलांच्या वेळेपासून. बाभूळ, सुबाभूळ, आंबा, निलगिरी येते. गिऱ्हाईक म्हणजे बेकरीवाले, हॉटेलवाले, लग्नाचे आचारी, आणि गावात कोणी गेलं की आठ मण लाकूड, ते तर रात्री दोन वाजता पण द्यावं लागतं आणि पावसाळ्यात ते बारीक फोडूनच द्यावं लागतं, नाहीतर ओला बुंधा पेटता पेटत नाही आणि त्या घरच्या माणसांकडं बघवत नाही. आमच्याकडं आप्पा तीस वर्षं लाकूड फोडत होते. त्यांचा उजवा खांदा धरला, हात वर जाईना, तरी कुऱ्हाड सोडेनात. नवीन पोरं ह्या कामाला येत नाहीत आणि का यावं त्यांनी. तेव्हा मी ठरवलं की मशीन करायचं. आयटीआय झालंय माझं, वेल्डिंग येतं, आणि आमच्या विहिरीवरचं जुनं पाच एचपीचं डिझेल इंजिन मोटर बसल्यापासून शेडमध्ये पडून होतं.

हे मशीन तेलाच्या प्रेशरवर चालतं, इंजिन पंप फिरवतं, पंप तेल सिलिंडरमध्ये ढकलतो आणि सिलिंडरचा रॉड पाचर लाकडात घुसवतो. सिलिंडर घेतला शंभर मिलीमीटर बोअरचा, म्हणजे आतल्या व्यासाचा, रॉड पन्नासचा, स्ट्रोक म्हणजे रॉडची धाव सहाशे, साधारण दोन फूट. पंप मिळाला भंगारात, खोदाईच्या मशीनचा, ३२ सीसीचा गिअर पंप, हातात धरला तरी वजनदार, मला वाटलं जेवढा मोठा तेवढा चांगला. कपलिंग करून इंजिनाला जोडला. रिकामा चालवला तर सहा सेकंदात पाचर ह्या टोकाची त्या टोकाला, बघायला जमलेल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग बाभळीचा बुंधा ठेवला. पाचर लाकडाला टेकली, इंजिनाचा आवाज जड झाला, काळा धूर सोडला आणि इंजिन गप्प. हँडल मारून परत चालू, परत गप्प. असं दिवसभर.

दुसऱ्या दिवशी एका फिटरनं येऊन रिलीफ वॉल्व्ह, म्हणजे प्रेशर ठरलेल्या हद्दीच्या वर गेलं की तेल टाकीत परत सोडणारा वॉल्व्ह, ढिला करून दिला. इंजिन बंद पडायचं थांबलं हे खरं, पण आता पाचर गाठीपाशी जाऊन नुसती उभी राहायची आणि तेल वॉल्व्हमधून सूं सूं करत टाकीत परत जायचं. सुबाभळीचं सरळ लाकूड फुटायचं, बाभळीची गाठ काही हलायची नाही. पंप ज्यानं विकला त्याला फोन केला तर म्हणाला इंजिन बदला, वीस एचपी घ्या. वीस एचपीचं इंजिन कुठल्या वखारवाल्याला परवडतंय.

शेवटी कोल्हापूरला उद्यमनगरात एका वयस्कर मिस्त्रींकडं गेलो. मी सांगायला लागलो पाच एचपी आहे, तर ते म्हणाले, "एचपी ठेव बाजूला, फेरे किती ते सांग." मी म्हटलं मिनिटाला पंधराशे. "पंप किती सीसीचा?" बत्तीस. त्यांनी खडूनं तिथंच लेथच्या पत्र्यावर लिहिलं. पंपाचा सीसी म्हणजे एका फेऱ्यात तो किती तेल ढकलतो. ३२ गुणिले १५००, म्हणजे मिनिटाला ४८ लिटर. आता प्रेशर बारमध्ये घ्यायचं, एक बार म्हणजे चौरस सेंटीमीटरला साधारण एक किलोचा जोर, त्याला लिटरनं गुणायचं आणि ४५० नं भागायचं, आलेला आकडा म्हणजे लागणारी एचपी. पण पंपात गळती आणि घर्षण असतं, त्यामुळं ४५० च्या जागी ३८० धरायचं. १७५ बारवर ४८ लिटर पाहिजे असेल तर बावीस एचपी लागते. पाच एचपी त्या पंपाला फार तर ४० बारपर्यंत नेणार. आणि शंभरच्या सिलिंडरचं तोंड साडेअठ्ठ्याहत्तर चौरस सेंटीमीटर, म्हणजे ४० बारला जोर मिळतो सव्वातीन टनांचा. सव्वातीन टनात बाभूळ फुटत नाही. दोन वर्षांत मला हे कोणी सांगितलं नव्हतं आणि त्यांनी पाच मिनिटांत सांगितलं.

साहेब, इथं मला मुद्दा नीट मांडू द्या, कारण फोटोखालचा आकडा इथंच चुकतोय. टन हा जोर आहे, एचपी हा जोर गुणिले वेग आहे. ट्रकच्या खाली लावायचा वीस टनी जॅक आपण सगळ्यांनी बघितलाय, एक माणूस एका हातानं दांडा मारतो आणि ट्रक उचलला जातो, पण किती सावकाश, दहा वेळा दांडा मारला तर बोटभर वर. माणूस तोच, ताकद तेवढीच, वेग देऊन त्यानं जोर घेतला. एक एचपी म्हणजे ७५ किलो वजन एका सेकंदात एक मीटर. आता वीस टन म्हणजे वीस हजार किलो, दोन फूट म्हणजे ०.६ मीटर, चार सेकंदात. वीस हजार गुणिले ०.६ भागिले ४, आले तीन हजार, त्याला ७५ नं भागलं की चाळीस. चाळीस एचपी! तेही गळती न धरता. पाच एचपीच्या इंजिनातून चाळीस कुठून निघणार? त्या पोराचं मशीन वीस टन देत असेल, चार सेकंदातही जात असेल, पण दोन्ही एकाच वेळी नाही, रिकामं जातं तेव्हा चार सेकंद आणि गेजचा काटा टोकाला असतो तेव्हा वीस टन. हे दोन वेगळे प्रसंग आहेत आणि छापताना ते एका ओळीत आले.

मिस्त्रींनी मला आधी साधा उपाय करून दिला, आठ सीसीचा छोटा पंप. पंधराशे फेऱ्यांना १२ लिटर, १६० बारला बरोबर पाच एचपी, जोर पावणेतेरा टन. बाभूळ फुटली. पहिली गाठ फुटताना मी गेजकडं बघत होतो, काटा हळूहळू चढत १४०, १५०, इंजिन डग डग करत दबत चाललेलं, आणि एकदम लाकडात चीर गेली तसा काटा धाडकन वीसवर. तो क्षण मी विसरणार नाही. पण पाचर जायला चोवीस सेकंद आणि परत यायला अठरा. आप्पा शेजारी उभे होते, म्हणाले, "धाकलं मालक, ह्यापरीस मी कुऱ्हाडीनं दोन फोडली असती." आणि खरं होतं ते.

मग कळलं दोन टप्प्यांच्या पंपाबद्दल. त्यात गिअरच्या दोन जोड्या असतात, एक मोठी एक छोटी. लाकूड लागेपर्यंत दोन्ही मिळून तेल देतात, पाचर जोरात पळते. लाकूड लागलं, प्रेशर साधारण चाळीस बारच्या वर गेलं, की आतला वॉल्व्ह मोठ्या जोडीचं तेल फुकट टाकीत सोडतो आणि इंजिनाची सगळी ताकद छोट्या जोडीला मिळते, पाचर सावकाश पण पूर्ण जोरानं आत जाते. गाठ फुटली की परत दोन्ही सुरू. परदेशात लाकूड फोडायच्या मशीनला हाच पंप सर्रास लावतात, लाकडात पूर्ण जोर फक्त पहिल्या दोन-चार इंचांना लागतो, बाकीचा प्रवास मोकळाच असतो.

असा पंप मी मागवला. पाटीवर लिहिलेलं १६ जीपीएम, म्हणजे मिनिटाला १६ गॅलन, विकणारा म्हणाला १६ गॅलन म्हणजे साठ लिटर, कशालाही लावा. लावला इंजिनाला थेट, आणि मिळाले पंचवीस. कारण पाटीवरचे साठ लिटर हे ३६०० फेऱ्यांवरचे होते, ते पंप छोट्या पेट्रोल इंजिनासाठी बनवलेले असतात जी तेवढी जोरात फिरतात. आपल्याकडची डिझेल इंजिनं पंधराशेला फिरतात. फेरे निम्म्याच्या खाली, तेलही निम्म्याच्या खाली, आणि जोर लागायच्या वेळी इंजिनाची जेमतेम दोन तृतीयांश ताकद कामाला येत होती, बाकीची वाया. म्हणजे पहिल्यांदा पंप इंजिनापेक्षा मोठा झाला होता आणि आता फेऱ्यांअभावी लहान झाला होता. पाटीवर जीपीएम लिहायचं आणि कुठल्या आरपीएमला, म्हणजे मिनिटाच्या किती फेऱ्यांना, ते लिहायचं नाही, हे बंद झालं पाहिजे असं माझं स्पष्ट मत आहे.

ह्यावर काही पोरं गव्हर्नरची, म्हणजे इंजिनाचा वेग आवरून धरणाऱ्या भागाची, स्प्रिंग आवळून इंजिनच जोरात पळवतात. हात जोडून सांगतो, असं करू नका. जुन्या इंजिनांची बिडाची फ्लायव्हील त्या वेगासाठी केलेली नसतात, फुटली तर शेडचा पत्रा फाडून बाहेर जातील आणि मधे माणूस असेल तर माणूस. वेग वाढवायचा तर पुलीनं. मी इंजिनावर नऊ इंची पुली लावली आणि पंपाच्या बाजूला सहा इंची, दीडपट, म्हणजे पंप फिरला साडेबावीसशेला. दोन्ही जोड्या मिळून ३८ लिटर, एकटी छोटी जोडी साडेदहा. हिशोब करून बघा, चाळीस बारला ३८ लिटर म्हणजे चार एचपी, १७५ बारला साडेदहा लिटर म्हणजे पावणेपाच ते पाच. दोन्ही टप्प्यांत इंजिन भरून चालतं, बंद पडत नाही आणि रिकामंही धावत नाही. जोर चौदा टन. लाकडापर्यंत पाचर साडेसात सेकंदांच्या हिशोबानं जाते, परत सहा सेकंदांत, मधे गाठीला काय लागतील ते. इंजिन तेच विहिरीवरचं पाच एचपीचं.

एक गोष्ट मात्र बेल्ट लावणाऱ्यांनी पाळा, पंपाच्या शाफ्टवर थेट पुली चढवू नका. बेल्टची बाजूची ओढ गिअर पंपाच्या बुशला सोसत नाही, थोड्याच दिवसांत पंप गळायला लागतो. वेगळा शाफ्ट दोन बेअरिंग ब्लॉकवर घ्या, पुली त्याच्यावर, आणि तिथून पंपाला स्पायडर कपलिंग, म्हणजे मधे रबराचा तुकडा असलेली जोडणी. आणि जोडण्याआधी पंपाची फिरायची दिशा बघा, उलटा फिरला तर पहिल्याच मिनिटाला ऑईल सील बाहेर येतं. इंजिनाच्या कुठल्या बाजूनं ताकद घेताय त्यावर दिशा बदलते, हे माझ्या ओळखीच्या एकाच्या लक्षात आलं नाही आणि नवा पंप गेला.

पाइपाचं पण तसंच, त्याकडं कोणी बघतच नाही. टाकीतून पंपाकडं जाणारा पाइप बारीक ठेवला की पंप रडायला लागतो, किरकिर असा आवाज, तेलात फेस, आणि आतली गिअर खराब व्हायला सुरुवात. माझ्या ३८ लिटरला सव्वा इंची सक्शन लावला, आवाज त्याच दिवशी गेला. परतीच्या पाइपाचा हिशोब तर आणखी फसवा आहे, सिलिंडर मागं येताना रॉडच्या बाजूला ३८ लिटर जातात पण दुसऱ्या बाजूनं पन्नास बाहेर पडतात, कारण तिकडं रॉडची जागा धरलेली नसते. मी आधी परतीला अर्धा इंची लावला होता, तासाभरात टाकीला हात लावता येत नव्हता. आता पाऊण इंची आहे, टाकी चाळीस लिटरची, ६८ नंबरचं हायड्रॉलिक तेल, आणि उन्हाळ्यात दुपारी सुद्धा ठीक चालतं.

ज्यांच्याकडं ट्रॅक्टर आहे त्यांनी वेगळं इंजिन घ्यायची गरजच नाही, ट्रॉली टिपिंगच्या पाइपावर सिलिंडर चालतो. फक्त ट्रॉलीचाच जॅक वापरायला जाऊ नका, तो एकाच बाजूनं ढकलतो, ट्रॉली स्वतःच्या वजनानं खाली येते म्हणून तिथं चालतं, लाकूड काही पाचरीला मागं ढकलणार नाही.

आता फोटोतली जी गोष्ट बघून मला रात्री झोप आली नाही ती. त्या पोरानं दोन्ही हातांनी ओंडका धरलेला आहे आणि लिव्हरवर दुसराच माणूस उभा आहे. हे करू नका, कधीच करू नका. एकानं धरायचं आणि दुसऱ्यानं लिव्हर ओढायचा ह्यातच बोटं जातात, लिव्हरवाल्याला वाटतं हात काढला आणि काढलेला नसतो. चौदा टनाला हाड आणि सुबाभूळ सारखंच. युरोपात ह्या मशीनसाठी ईएन ६०९ नावाचं स्टँडर्ड आहे, त्यात दोन्ही हात कंट्रोलवर असले तरच पाचर पुढं जाते अशी रचना लागते. आपण घरी बनवतो तरी एवढं करता येतं, मी दोन लिव्हर जोडून केलंय, लोखंडाच्या दोन पट्ट्या आणि एक बोल्ट एवढाच खर्च. लाकूड धरायला खाली दोन बाजूंनी अँगलचा पाळणा केला की हाताची गरज उरत नाही. आणि लिव्हरचा वॉल्व्ह असा घ्या की पाचर पुढं जाताना लिव्हर सोडला की तो आपोआप मधे येऊन पाचर थांबेल, अडकून राहणारा खटका फक्त परत यायच्या बाजूला चालतो.

दुसरं, होजला म्हणजे तेलाच्या रबरी पाइपाला बारीक छिद्र पडलं तर ते हातानं चाचपू नका. १७५ बारचं तेल सुईसारखं कातडीच्या आत शिरतं, वरून नुसता ठिपका दिसतो, सुरुवातीला दुखत पण नाही, आणि आत तेल पसरून बोट, कधी हात काढायची वेळ येते. असं झालं तर घरी थांबायचं नाही, तडक सर्जनकडं जायचं आणि तेल प्रेशरनं आत गेलंय हे स्पष्ट सांगायचं. गळती शोधायची तर पुठ्ठा फिरवा, आणि तोंड लांब ठेवा.

ज्या पट्ट्यात १९१० साली किर्लोस्करवाडी उभी राहिली, शेजारी साताऱ्यात १९२२ पासून कूपरचा कारखाना आहे, तिथल्या माणसाला इंजिन समजावून सांगावं लागत नाही. आमच्याकडं शाळा सोडलेलं पोरगं आवाजावरून सांगतं नॉझल खराब आहे का टॅपेट सैल. तेलाच्या प्रेशरचं मात्र तसं नाही, ते दिसत नाही आणि ऐकू पण उशिरा येतं, म्हणून ते खडूनं लिहून हिशोब करूनच करावं लागतं. आयटीआयमध्ये मला सिलिंडर कसा उघडायचा हे शिकवलं, पंप आणि इंजिन जुळवायचं कसं हे शिकवलं नाही. आता शिकवत असतील तर आनंद आहे, नसतील तर एक दिवस द्या ह्याला, एका दिवसाचंच काम आहे.

तुमच्याकडं मागणी एवढीच, की अशी बातमी परत छापाल, आणि छापाच, पोरांना हुरूप येतो, तेव्हा बनवणाऱ्याला इंजिनाचे फेरे, पंपाचा सीसी, सिलिंडरचा बोअर आणि गेजवरचा बार एवढं विचारा आणि ते पण छापा. टन आणि सेकंद वाचणारा स्वतः काढेल.

आणि त्या मुलाचा पत्ता तुमच्या वार्ताहराकडं असेल तर माझा निरोप द्या. त्याच्या पंपाच्या पाटीचा आणि इंजिनाच्या पाटीचा फोटो काढून तुमच्या कार्यालयात दे म्हणावं, मी हिशोब करून पाठवतो. त्याचा पंप पण ३६०० वाला असेल अशी मला शंका आहे, तसं असेल तर माझ्याकडं नऊ आणि सहा इंची पुलीची एक जास्तीची जोडी पडून आहे, ती त्यानं येऊन घेऊन जावी, पैसे नकोत. आला तर आप्पांना पण भेटेल. खांदा अजून धरलेलाच आहे पण आता ते बसून लिव्हर चालवतात, दोन्ही हातांनी.

आपला,
एक वखारवाला, जि. सांगली